वीस, वीस, वीस

वॉर्डातल्या प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी एक पॅड अडकवलेलं असतं. त्यावरच्या तक्त्याला सिस्टरपासून मावशींपर्यंत सगळे ‘टीपीआर’ म्हणतात : टेंपरेचर, पल्स, रेस्पिरेशन. कधी संधी मिळाली तर तो तक्ता नीट वाचून बघा. तापाचे आकडे वरखाली होत असतात : 99.4, 101, 100.2. नाडी 96 वरून 108 वर जाते, मग 112. आणि श्वास? 20, 20, 20, 20. पहाटे सहाला वीस, दुपारी दोनला वीस, रात्री दहाला वीस. शेजारच्या खाटेवरच्या माणसाचाही वीस. पेशंट गेल्यानंतर रेकॉर्ड रूममधून काढलेल्या केस पेपरातसुद्धा शेवटच्या रात्रीचा श्वास वीसच सापडतो.

हे वीस मीही लिहिलेत. निवासी डॉक्टर होतो, रात्रीचे अडीच वाजलेले असायचे आणि सकाळच्या राउंडला एखादा रकाना रिकामा दिसला तर बोलणी बसायची. रकाना भरलेला असला की कोणी विचारत नसे, तो कसा भरला ते.

पण वीसच का? विश्रांतीत पडलेला मोठा माणूस मिनिटाला 12 ते 20 वेळा श्वास घेतो. म्हणजे वीस हा नॉर्मलच्या कुंपणाला टेकलेला शेवटचा आकडा. ‘पेशंट आजारी आहे खरा, पण घाबरण्यासारखं काही नाही’ हे एका आकड्यात सांगायचं तर वीससारखा सोयीचा आकडा दुसरा नाही. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2012 मध्ये ‘न्यूज’ नावाची गुणपद्धत आणली आणि 2017 मध्ये ती सुधारली. श्वास, ऑक्सिजन, बीपी, नाडी, शुद्ध, ताप अशा प्रत्येक नोंदीला गुण. बेरीज जितकी जास्त तितका पेशंट धोक्यात. त्यात श्वास 20 असेल तर शून्य गुण. 21 ते 24 असेल तर 2. 25 किंवा त्याहून जास्त असेल तर 3, आणि कुठल्याही एका रकान्यात 3 आले की कोणीतरी तातडीनं येऊन पेशंट बघायचा, असा नियम. न मोजता लिहिलेला वीस ही घंटा वाजण्याआधीच बंद करून टाकतो.

मोजत का नाहीत, याचं उत्तर आळस असं देणं सोपं आहे, पण ते खरं नाही. ताप थर्मामीटर सांगतो. बीपीला यंत्र आहे. बोटाला चिमटा लावला की ऑक्सिजन आणि नाडी दोन्ही दिसतात. साध्या वॉर्डात श्वासाला यंत्र नाही. तिथे खाटेशी पूर्ण एक मिनिट उभं राहावं लागतं, तेही पेशंटला कळू न देता, कारण कळलं की त्याचा श्वास बदलतो. जाणत्या सिस्टर यासाठी नाडी मोजून झाल्यावरही मनगट सोडत नाहीत. बोटं नाडीवर आणि डोळे छातीवर. पण एका सिस्टरकडे तीस-चाळीस खाटा असल्या की तीस-चाळीस मिनिटं आणायची कुठून? शिवाय मिनिटभर काहीच न करता उभा असलेला माणूस वॉर्डात रिकामटेकडा दिसतो.

आता या मोजण्याचा सेप्सिसशी काय संबंध?

मराठीत आपण ‘जखम सेप्टिक झाली’ म्हणतो, म्हणजे तिच्यात पू झाला. जुने डॉक्टर ‘इन्फेक्शन रक्तात गेलं’ म्हणायचे. दोन्ही सेप्सिसच्या जवळपास जातात, पण तिथे पोचत नाहीत. 2016 मध्ये तज्ज्ञांनी जी व्याख्या ठरवली तिचा अर्थ असा : जंतुसंसर्गाला शरीरानं दिलेल्या प्रत्युत्तराचा तोल सुटतो आणि त्या प्रत्युत्तरानंच शरीराचे अवयव बिघडू लागतात, जीव जायची वेळ येते. घरात चोर शिरला म्हणून वस्तीनं लाठ्या काढाव्यात आणि अंधारात घरच्यांनाच बडवावं, तसं. रक्तवाहिन्या सैल पडतात आणि पाझरू लागतात, म्हणून बीपी उतरतं. बारीक वाहिन्यांमध्ये गुठळ्या होतात. मूत्रपिंडाला रक्त कमी पडतं, लघवी आटते. मेंदू गोंधळतो. जंतू कुठले, कुठून आले, हे प्रत्येकात वेगळं असतं : कोणाला न्यूमोनिया, कोणाला लघवीचा संसर्ग, कोणाचं अपेंडिक्स फुटलेलं, कोणी नुकतीच बाळंतीण. पुढची घसरण मात्र बरीचशी सारखी.

या घसरणीत श्वास फार आधी बदलतो. दाहातून सुटलेली रसायनं मेंदूतल्या श्वासकेंद्राला डिवचतात. पेशींना प्राणवायू नीट मिळेना झाला की रक्तात लॅक्टेट साठू लागतं, रक्त आम्लाकडे झुकतं, आणि ती आम्लता उच्छ्वासातून बाहेर टाकण्यासाठी शरीर भात्यासारखं चालू लागतं. बीपी तोवर शाबूत असू शकतं. विशेषतः तरुण माणूस नाडी आणि श्वास वाढवून बराच वेळ तग धरतो, मग एकाएकी कोसळतो. ‘संध्याकाळपर्यंत चांगला बोलत होता हो,’ असं नातेवाईक सांगतात. बोलत होताच. पण दोन शब्दांमध्ये दम घेत होता.

वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2020 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात जगाचा हिशोब मांडला : 2017 या एका वर्षात सेप्सिसचे सुमारे 4 कोटी 89 लाख रुग्ण आणि 1 कोटी 10 लाख मृत्यू. जगातल्या दर पाच मृत्यूंमागे साधारण एक. एवढा मोठा मारेकरी आपल्याला नावानं माहीत कसा नाही? कारण तो टोपणनावांनी वावरतो. वर्तमानपत्रात ‘अनेक अवयव निकामी झाल्याने’ असं येतं. दाखल्यावर ‘मल्टिऑर्गन फेल्युअर’ किंवा ‘कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट’ असतं. शेजारी विचारतात तेव्हा घरचे सांगतात, ‘न्यूमोनियाचं निमित्त झालं.’

हे नाव मोठ्यानं घ्यायला लावणाऱ्या घटनांमध्ये न्यूयॉर्कच्या रोरी स्टॉन्टनची आठवण पहिली येते. बारा वर्षांचा मुलगा. मार्च 2012 मध्ये शाळेच्या व्यायामशाळेत बास्केटबॉल अडवायला झेपावताना त्याचा हात खरचटला. जखमेवर पट्ट्या चिकटवल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी ताप, उलट्या, पाय दुखणं. त्याला डॉक्टरांकडे नेलं, मग रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात. पोट बिघडलंय, पाणी कमी झालंय, असं निदान होऊन तो घरी आला. त्याच्या रक्ताच्या तपासणीत संसर्गाच्या खुणा होत्या, पण तो अहवाल रोरी बाहेर पडल्यानंतर तयार झाला आणि आईवडिलांपर्यंत पोचलाच नाही. 1 एप्रिलला रोरी गेला. खरचटलेल्या जागेतून शिरलेला स्ट्रेप्टोकोकस, आणि सेप्सिस.

मला या हकिकतीत एखाद्या डॉक्टरची चूक शोधण्यात फारसा रस वाटत नाही. उलट्या होणारी, तापलेली मुलं तातडीच्या विभागात दिवसभर येतात आणि त्यातली बहुतेक खरोखरच पोट बिघडलेली असतात. गवताच्या गंजीतली ही सुई एकट्याच्या हुशारीवर सापडत नाही, तिला चाळणी लागते. रोरीच्या आईवडिलांनी नेमका तोच आग्रह धरला. 2013 मध्ये न्यूयॉर्क राज्यानं नियम केले : प्रत्येक रुग्णालयानं सेप्सिस ओळखण्याची आणि उपचाराची लेखी पद्धत ठरवायची, कर्मचाऱ्यांना ती शिकवायची, आणि आपली आकडेवारी राज्याला कळवायची. लोक त्यांना ‘रोरीज रेग्युलेशन्स’ म्हणतात.

सक्तीचा एक फायदा असा की हिशोब मिळतो. 2017 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये राज्यातल्या 149 रुग्णालयांतल्या 49,331 रुग्णांचा अभ्यास आला. रक्ताचं कल्चर (रक्तातला जंतू बाटलीत उगवून ओळखणं), लॅक्टेटची तपासणी आणि अँटिबायोटिक या तीन गोष्टी पूर्ण व्हायला जितका उशीर, तितकी मृत्यूची शक्यता जास्त; तासामागे साधारण 4 टक्के. बीपी आधीच कोसळलेल्या रुग्णांत हा उशीर आणखी महागात पडतो. 2006 च्या एका मोठ्या पाहणीत अशा रुग्णांत अँटिबायोटिकला होणाऱ्या प्रत्येक तासाच्या उशिरामागे जगण्याची शक्यता सरासरी साडेसात टक्क्यांहून जास्त घटलेली दिसली होती.

हा तास जातो कुठे, हे बघायला आपल्याकडचं मधल्या आकाराचं कुठलंही रुग्णालय घ्या. रात्री सव्वाअकराला डॉक्टर अँटिबायोटिक लिहितात. चिठ्ठी नातेवाइकाच्या हातात. तो लिफ्टची वाट न बघता जिना उतरतो, खालच्या मेडिकलसमोर रांग. दुकानदार म्हणतो, या कंपनीचं नाही, दुसऱ्या कंपनीचं चालेल का, विचारून या. तो वर येतो. डॉक्टर दुसऱ्या वॉर्डात गेलेले. विचारून पुन्हा खाली. आता पैसे कमी पडतात, भावाला फोन. औषध वर येईतो साडेबारा, आणि तेवढ्यात सिस्टर नव्या पेशंटची सलाइन लावण्यात गुंतलेल्या. इंजेक्शन शिरेत जातं तेव्हा एक वाजलेला असतो. यात कोणीही बसून राहिलेलं नव्हतं. औषध मात्र पावणेदोन तासांनी पोचलं. जिथे वॉर्डातच एका डब्यात पहिल्या डोसापुरती दोन-तीन अँटिबायोटिक्स, कल्चरच्या बाटल्या, सलाइन आणि सुया ठेवलेल्या असतात आणि हिशोब सकाळी होतो, तिथे हाच वेळ वीस मिनिटांवर येऊ शकतो. सेप्सिसवरच्या भाषणांपेक्षा माझा या डब्यावर जास्त विश्वास आहे.

डब्यातल्या बाटल्यांचा क्रम मात्र शिकवावाच लागतो. कल्चरसाठीचं रक्त अँटिबायोटिकच्या आधी घ्यायचं. नंतर घेतलं तर जंतू बाटलीत उगवेलच असं नाही, आणि मग पुढचे दहा दिवस अंदाजानं औषधं बदलत बसायचं. कातडी नीट पुसून ती वाळू द्यायची, नाहीतर आपल्याच कातडीवरचे जंतू बाटलीत वाढतात आणि सगळ्यांना भलत्या वाटेला नेतात. बाटलीत आठ-दहा मिली रक्त हवं. दोन मिली घालून पाठवलेली बाटली बहुधा ‘काही उगवलं नाही’ म्हणून परत येते. पण शीर सापडत नाही म्हणून कल्चरसाठी अर्धा तास झटायचं आणि औषध थांबवून ठेवायचं, हेही चूक.

ब्रिटनमध्ये डॉ. रॉन डॅनियल्स आणि सहकाऱ्यांनी हे सगळं ‘सेप्सिस सिक्स’ नावाच्या एका कागदावर आणलं. तीन गोष्टी द्यायच्या : गरज असेल तर ऑक्सिजन, शिरेतून द्रव, अँटिबायोटिक. तीन घ्यायच्या : कल्चर, लॅक्टेट, आणि तासातासाला लघवीचं माप. शेवटची गोष्ट सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. साठ किलोच्या माणसाला तासाला निदान 30 मिली लघवी व्हायला हवी. पिशवीत तीन तासांत पन्नास मिली असेल तर मूत्रपिंड काहीतरी सांगतंय. ही पिशवी रिकामी करतात मावशी किंवा मामा. त्यांना कोणी कधी सांगितलेलं असतं, की पिशवी नेहमीपेक्षा हलकी लागली तर ओरडून सांगा म्हणून?

लॅक्टेटचं यंत्र तालुक्याच्या ठिकाणी नसतं. तिथे बोट असतं. पेशंटच्या बोटाचं टोक दहा सेकंद दाबून धरायचं, सोडायचं आणि रंग परत यायला किती वेळ लागतो ते बघायचं. तीन सेकंदांच्या वर म्हणजे टोकापर्यंत रक्त नीट पोचत नाही. 2019 मध्ये लॅटिन अमेरिकेतल्या अतिदक्षता विभागांनी 424 रुग्णांत बोटाच्या या खुणेवर चालवलेले उपचार आणि लॅक्टेटवर चालवलेले उपचार यांची तुलना केली. बोट लॅक्टेटपेक्षा कमी ठरलं नाही.

इथवर वाचून वाटेल की मग प्रत्येक तापाला बाटल्या भरा, सलाइन सोडा आणि भारीतलं अँटिबायोटिक ठोका. या विषयाचा इतिहासच अशा उत्साहाला लगाम घालतो. 2001 मध्ये डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलमध्ये डॉ. इमॅन्युएल रिव्हर्स यांनी 263 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या काहींवर एक काटेकोर कार्यक्रम राबवला होता. मानेच्या शिरेत नळी, ठरावीक आकडे गाठेपर्यंत द्रव, औषधं, रक्त. मृत्यूचं प्रमाण 46.5 टक्क्यांवरून 30.5 वर आलं आणि जगभर त्या कार्यक्रमाची पारायणं झाली. पुढे 2014 आणि 2015 मध्ये अमेरिका, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड आणि इंग्लंड इथे तीन मोठे अभ्यास झाले. त्यांत या कार्यक्रमाचा काही जास्तीचा फायदा दिसला नाही. कारण मधल्या काळात नेहमीचे उपचारच बदलले होते. लवकर ओळखणं आणि लवकर औषध देणं अंगवळणी पडलं होतं. मानेतल्या नळीवाचून चाललं, लवकर बघण्यावाचून नाही.

त्याहून मोठा धक्का 2011 मध्ये पूर्व आफ्रिकेनं दिला. युगांडा, केनिया आणि टांझानियातल्या तापानं गंभीर झालेल्या 3,141 मुलांवरच्या अभ्यासात भराभर सलाइन दिलेल्या मुलांपैकी सुमारे 10.5 टक्के मुलं 48 तासांत गेली. सावकाश दिलेल्यांपैकी 7.3 टक्के. जिथे व्हेंटिलेटर नाहीत तिथे सलाइनचा पूर झेपत नाही. आजच्या मार्गदर्शक सूचना बीपी उतरलेल्या मोठ्या माणसांना पहिल्या तीन तासांत वजनाच्या किलोमागे 30 मिली द्रव सुचवतात, म्हणजे साठ किलोला 1800 मिली. पण तेही मधेमधे छाती तपासत. आणि 2021 च्या सूचनांनी घाईचीही वाटणी केली : बीपी कोसळलं असेल, किंवा सेप्सिस जवळजवळ नक्की असेल, तर तासाभरात अँटिबायोटिक, बीपी ठीक आहे आणि नुसती शंका आहे, तर तीन तासांपर्यंत शोध घ्या, मग ठरवा. दिसेल त्याला भारी अँटिबायोटिक देण्याची किंमत आपण रोज मोजतोच. त्या औषधांना न जुमानणारे जंतू आपल्याच अतिदक्षता विभागांत मुरलेले आहेत.

म्हणजे प्रश्न पुन्हा ओळखण्याशी येतो. आणि ओळखलेलं बोलण्याशी.

रात्रीचा फोन ऐका. ‘सर, बारा नंबरचा पेशंट जरा बरा वाटत नाहीये.’ ‘ताप आहे ना? पॅरासिटामॉल द्या. सकाळी बघतो.’ संपलं. सिस्टरना बारा वर्षांच्या नोकरीत काहीतरी कळलेलं होतं, ते ‘जरा’ या शब्दात विरून गेलं. आता हाच फोन असा : ‘सर, बारा नंबर. कालचं पोटाचं ऑपरेशन. श्वास 26 आहे, मी मिनिटभर मोजलाय. नाडी 118, बीपी 104. संध्याकाळपासून लघवी साठ मिली. मघापासून मुलालाच ओळखत नाहीयेत. मला सेप्सिसची शंका येतेय. तुम्ही येऊन बघा.’ पेशंट तोच, सिस्टर त्याच. पण आता ‘सकाळी बघतो’ म्हणायला डॉक्टरची जीभ रेटणार नाही. आणि रेटलीच तर सिस्टरनी कोणाला फोन करायचा, हे रुग्णालयानं आधीच भिंतीवर लिहून ठेवायला हवं. वरिष्ठांना फोन करणं म्हणजे चहाडी नव्हे, हे शिकवायला अँटिबायोटिकच्या मात्रा शिकवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

म्हाताऱ्यांच्या बाबतीत तर घरचेच आधी ओळखतात. त्यांना ताप येईलच असं नसतं, कधी अंग उलट गार पडतं. ‘आजी कालपासून काहीतरीच बडबडतायत’ या वाक्याला वॉर्डात ‘वयोमानानं होतं’ असं उत्तर मिळतं. नव्यानं आलेल्या गोंधळाला ‘न्यूज’मध्ये सरळ 3 गुण आहेत. घरच्यांकडे असं दुर्लक्ष मुलांच्या बाबतीतही होतं. इंग्लंडमध्ये 2021 मध्ये मार्था मिल्स ही तेरा वर्षांची मुलगी सायकलवरून पडून स्वादुपिंडाला झालेल्या इजेनंतर सेप्सिसनं गेली. तिची आई काळजी बोलून दाखवत होती. वेळेवर अतिदक्षता विभागात हलवलं असतं तर बहुधा वाचली असती, असा निष्कर्ष नंतरच्या चौकशीत निघाला. 2024 पासून तिथल्या रुग्णालयांत ‘मार्थाज रूल’ लागू होऊ लागला : पेशंट खालावतोय असं वाटलं तर नातेवाईक स्वतः दुसऱ्या पथकाला बोलावू शकतात, दिवसरात्र.

मोजण्याची आणि बोलण्याची ही ताकद कोणाकडे असावी, याचं जगातलं एक धीट उत्तर मात्र गडचिरोलीतून आलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’नं एक साधं उपकरण केलं होतं : एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि सोबत मणी. दहापर्यंतच मोजता येणाऱ्या बाईनं बाळाचे दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, वाळू संपली की थांबायचं. पुढे 39 गावांतल्या आरोग्यदूत बायकांना नवजात बाळाचा सेप्सिस ओळखायला शिकवलं गेलं : रडणं मंदावलं, दूध ओढणं कमी झालं, हातपाय सैल पडले, अंग गार लागलं. रुग्णालयात जायला घरचे तयार नसले तर त्यांनी झोपडीतच जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायचं. बाहेरून विरोध झालाच : सुई बाईच्या हातात? 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आले. सेप्सिस झालेल्या बाळांमधलं मृत्यूचं प्रमाण 16.6 टक्क्यांवरून 2.8 टक्क्यांवर उतरलं होतं.

सिस्टरांच्या प्रशिक्षणवर्गात मी हे सांगतो, पण शेवटी. सुरुवातीला सगळ्यांना जोड्या करायला लावतो आणि एकमेकींचे श्वास मिनिटभर मोजायला सांगतो. आधी हसाहसी होते. मग खोली इतकी शांत होते की पंख्याचा आवाज येतो. आकडे फळ्यावर लिहितो : 14, 17, 22, 13, 19, 16. वीस एकीचाही निघत नाही, आणि सिस्टर फळ्याकडे बघत राहतात.

अशाच एका वर्गानंतर दोन-तीन आठवड्यांनी तिथल्या वॉर्डात गेलो होतो. सवयीनं टीपीआर उचलला. श्वासाच्या रकान्यात 18, 17, 24 असे वेडेवाकडे आकडे होते. 24 च्या शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं : ‘जिना चढून आले, परत मोजते.’ त्याखाली अर्ध्या तासानंतरची वेळ घातलेली होती, आणि 19.